हवा कुठून आली ते आधी सांगा

सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली आणि आपला जनरेटर 20 मिनिटे चालून बंद पडला. ड्यूटीवरचा कॅडेट म्हणाला, "उस्ताद, अपने आप बंद हो गया." टाकी पाहिली, अर्धी भरलेली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबला, तर नुसता फेस. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली होती.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पंप डिझेलवर दाब देतो आणि तो पुरेसा वाढला, की नोझलची सुई उचलते व डिझेलचा फवारा आत जातो. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. नळीत हवा असली, की पंपाचा सगळा जोर ती दाबण्यातच जातो आणि सुई जागची हलत नाही. मग सेल्फ मारत राहिले तर फक्त बॅटरी बसते.

आता टाकीत डिझेल असूनही हवा येत असेल, तर ती बहुधा टाकी आणि फीड पंप यांच्यामधून येते. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे जोड सैल असला तरी बाहेर थेंब दिसेलच असे नाही. बाहेरची हवाच आत जाते. नुसती हवा काढून इंजिन सुरू केले असते, तर ते पुन्हा बंद पडले असते, असा माझा हिशेब. म्हणून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोड उघडला, तांब्याचे वायसर बदलले, रबरी नळीचे टोक कापून पुन्हा बसवले. दीड तास गेला. तोवर मुले अंधारात बसून होती.

खराब जोड एकही नव्हता. चार दिवसांनी खरे कळले. टाकी कोरडी पडली होती. मुलाने घाईने कॅनमधून डिझेल ओतले आणि तो गप्प राहिला. तेवढे सांगितले असते, तर काम 15 मिनिटांचे होते.

त्याला दोष देणे सोपे आहे. पण महिनाभर आधी दुसऱ्या एका कॅडेटने डिझेल संपल्याचे खरे सांगितले, तेव्हा मी त्याला मैदानाच्या पाच चकरा मारायला लावल्या होत्या, तेही सगळ्यांसमोर. त्यातून काय शिकायचे ते बाकीच्यांनी बरोबर शिकून घेतले.

म्हणून माझे मत असे, की टाकी कोरडी पाडणाऱ्याला चकरा नकोत, त्याच्या हातात पाना द्यावा. त्याने टाकी भरावी, फिल्टरचा स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबावा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा. मग तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. तरीही सुरू झाले नाही, तर नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारावा, एका वेळी 10 सेकंदांहून जास्त नाही. आणि खरे तर नववीपुढच्या प्रत्येक कॅडेटने हे एकदा करावे.

एक पालक मला म्हणाले, "मुलगा अधिकारी व्हायला पाठवलाय, मेकॅनिक नव्हे." साहेब, उद्या त्याच्या हाताखालचा ड्रायव्हर "गाडीने हवा धरली" म्हणेल, तेव्हा पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे त्याला कळायला नको का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नव्या गाड्या कॉमन रेलच्या आहेत. तिथे दाब 1000 बारच्या वर जातो, आणि सैल केलेल्या नटातून उडणारी धार कातडीतून आत घुसते. तिथे नोझलकडचा नट सोडायचाच नाही, हवा फिल्टरपाशीच काढायची. पण कुठे हात लावायचा नाही, हेही इंजिनापाशी उभे राहूनच शिकवायला हवे. फळ्यावर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रत्येक सत्रात एक रविवार आणि शेडमागचा जुना जनरेटर मिळावा, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर यायचे आहे. पाच चकरा मारलेल्या त्या मुलाची मी माफी मागितली आणि पहिला पाना तू धरशील का, असे विचारले. तो म्हणाला, "उस्ताद, डांगरी मिळेल ना? युनिफॉर्मवर डाग पडला तर परत चकरा."