रक्त पडते, हे सांगायचे कुणाला?

कार्तिक पौर्णिमा आली की कौंडण्यपुरात वर्धेचा काठ माणसांनी भरून जातो. पंढरीचा विठोबा या दिवसांत सासुरवाडीला, रुक्मिणीच्या माहेरी येतो, अशी इथली श्रद्धा. जावयाचे कोडकौतुक होते, दहीहंडी फुटते, आणि तिवसा-आर्वीकडची माणसे प्रसाद बांधून घरी परततात. वऱ्हाडातल्या अशा यात्रांच्या वाटेवर आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर एक पाटी हमखास दिसते : 'मूळव्याध, भगंदर – शर्तिया इलाज'. यंदाच्या यात्रेच्या निमित्ताने त्या पाटीबद्दलच बोलायला हवे.

संडासला रक्त पडले की आपल्याकडे निदान घरातच होऊन जाते. "मुयव्याध असन, दुसरं काय!" नाहीतर गर्मी झाली असेल, ठेचा बाधला असेल. मग ताक, इसबगोल, आणि तेवढ्याने भागले नाही तर पाटीवाला. अडचण अशी की पुष्कळदा हे निदान खरेच निघते. रक्त पडणाऱ्या बऱ्याच जणांना मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही याच वेषात येतो, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. शौचाची सवय बदलते आणि काही आठवडे तशीच राहते, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, कारण नसताना वजन उतरते. हे सगळे पाटीवाला विचारत नाही. डॉक्टरने बोटाने तपासून आणि गरज पडली तर दुर्बीण टाकून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

कधी तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही. आतड्याच्या उजव्या भागातली गाठ थेंबथेंब झिरपत राहते आणि माणूस नुसता थकत जातो. पन्नाशीतल्या शेतकऱ्याचे हिमोग्लोबिन उतरते, त्याला लोहाच्या गोळ्या मिळतात. गळती कुठे आहे हे कुणी पाहत नाही. बायांचे तर विचारूच नका. 'बाईच्या अंगात रक्त कमीच असते' हे आपण इतके मान्य करून टाकले आहे, की पाळी थांबून पाच वर्षे झाली तरी तिचे रक्त जाते कुठे, हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

आणि हा कर्करोग तर सवड देणारा आहे. बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर आधी लहानसा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब येतो, आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडे पाहताना, तो दिसला तर त्याच वेळी बहुधा काढूनही टाकता येतो. म्हणजे ही तपासणी रोग शोधते आणि टाळतेही. त्याआधीची पायरी आणखी सोपी : डबीत विष्ठेचा नमुना द्यायचा, त्यात न दिसणारे रक्त आहे का ते प्रयोगशाळा सांगते. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये अशा तपासण्यांचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षीच, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी तपासावे, यांतले जे आधी येईल ते. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग तपासले जातात. तंबाखूच्या खर्ऱ्यामुळे तोंडाचा कर्करोग इथे घरोघरी ठाऊक आहे. आतड्याचे मात्र ज्याचे त्यालाच सांगावे लागते, आणि सगळे घोडे तिथेच अडते.

या तालुक्याने तरी लाजू नये. तुकडोजी महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम कौंडण्यपूरच्याच तिवसा तालुक्यातला. 'ग्रामगीते'त गावच्या स्वच्छतेवर आणि आरोग्यावर भरभरून लिहिणारे तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला, आणि त्यांच्या नावाच्या अभियानाने पुढे हागणदारीचा विषय ग्रामसभेत आणला. घरोघरी संडास झाले त्याचा एक फायदा कुणी मोजत नाही : पहाटेच्या अंधारात बांधावर न दिसणारे रक्त पांढऱ्या भांड्यात दिसते. दिसते, आणि माणूस वरून बादलीभर पाणी ओततो.

बोलायची लाज वाटते; पण कौंडण्यपूरच्या लेकीने, रुक्मिणीने काय केले होते? उपवर मुलीने जे बोलायचे नसते तेच तिने कृष्णाला लिहून पाठवले. नुसती विनवणी केली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाईन, तिथे या, असा दिवस आणि ठिकाणही कळवले. (ती देवी अमरावतीची की कौंडण्यपूरची, हा वाद चालू द्या.) निरोप एक दिवस उशिरा पोचता तर बोहल्यावर शिशुपाल होताच.

यात्रेत आरोग्य खात्याचा तंबू लागला, की रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्या कागदावर आणखी एक ओळ घालावी : संडासवाटे रक्त पडते का, कधीपासून? पण विचारणारी आशाताई गावातलीच, कुणाची सून तर कुणाची वहिनी. पुरुष तिच्यापुढे तोंड उघडणार नाहीत. तेव्हा बाप्यांना विचारायला बाप्या हवा, बायांना बाई, तंबूच्या मागच्या अंगाला कनातीचा एक आडोसा आणि दोन खुर्च्या. पुढच्या कार्तिकीपर्यंत तालुक्याला एवढे जमायला हरकत नाही.