स्टेंटची किंमत बांधली, नफेखोरीचे काय?

छातीत दुखते म्हणून कामगार खाजगी इस्पितळात जातो. अँजिओग्राफी होते. तो टेबलावर असतानाच बाहेर बसलेल्या पत्नीला सांगण्यात येते : धमनी ऐंशी टक्के बंद आहे, स्टेंट आत्ताच घातला पाहिजे, सही करा! दागिने गहाण टाकण्याचा निर्णय पाच मिनिटांत होतो. याला 'रुग्णाची संमती' असे भारदस्त नाव आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हृदयविकाराचा तीव्र झटका आला असेल, तर बंद धमनी तातडीने उघडणे हाच उपाय होय. तेथे स्टेंट जीव वाचवतो. पण श्रमाने उद्भवणाऱ्या आणि विश्रांतीने थांबणाऱ्या जुन्या, स्थिर दुखण्याची गोष्ट निराळी आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत २,२८७ रुग्ण होते; २०२० च्या 'इस्केमिया' चाचणीत भारतासह ३७ देशांतील ५,१७९. डाव्या मुख्य धमनीचा गंभीर अडथळा असलेले रुग्ण त्यांत नव्हते. स्थिर दुखण्याच्या रुग्णांत, उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत, धमनी उघडण्याची घाई केल्याने मृत्यू घटले नाहीत. वेदना मात्र अधिक कमी झाल्या. म्हणजेच अशा रुग्णाला विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ असतो. नेमका हा वेळच त्याच्यापासून हिरावला जातो.

का? राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाच्याच २०१७ च्या आकडेवारीनुसार स्टेंटवर इस्पितळांचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. हा जनतेचा विजयच होता, पण अर्धा. किंमत बांधता येते, परंतु सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असेल, तर अनावश्यक स्टेंट कोण रोखणार? प्रश्न एखाद्या डॉक्टरच्या नीतिमत्तेचा नाही. आजाराला बाजारपेठ मानणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

म्हणून श्रमिक जनतेने मागणी केली पाहिजे : स्टेंट का हवा, त्याची कारणे रुग्णाच्या भाषेत लेखी द्या, तातडी नसेल तेथे तपासणी आणि उपचार यांत अवधी ठेवा, अ‍ॅस्पिरिन व स्टॅटिनसारखी औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड व मोफत पुरवा, जिल्हा रुग्णालयांत सार्वजनिक हृदयोपचार केंद्रे उभारा. भयाच्या छायेत घेतलेली सही ही संमती नव्हे!