कुडा, गोळ्या आणि आमची चूक

आंवेवर कुडा, हें आम्हांस लहानपणापासून पाठ होतें. आजीच्या फडताळांत कुटजारिष्टाची बाटली असे, इंद्रजवाची पूडहि असे. पुढें संस्कृताचा अभ्यास करितांना चरक-सुश्रुतांच्या संहितांत अतिसाराच्या प्रकरणीं कुटज भेटला, तेव्हां आजीच्या वैद्यकावर शास्त्राची मोहोर उठल्यासारखें वाटलें. या पाठांतराच्या अभिमानानें आमच्या हातून जी चूक घडली, ती आज लिहावयाची आहे. तीस वर्षें मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविणाऱ्याचा हात स्वतःची चूक लिहितांना अडखळतो, हें वाचकांनीं समजून घ्यावें.

तीन वर्षांपूर्वीं आषाढांत आमच्या धाकट्या पुतण्यास रक्ती आंव झाली. डॉक्टरांनीं शौच तपासवून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दहा दिवस घेण्यास सांगितलें, व त्या संपल्यावर घ्यावयाचें आणखी एक औषध चिठ्ठीवर लिहून दिलें. या गोळ्यांनीं तोंडास धातूची चव येते व अन्नावरची वासना उडते. तिसऱ्या दिवशीं रक्त थांबलें. आम्हीं मोठ्या उत्साहानें गोळीच्या मागोमाग त्यास कुटजारिष्ट पाजलें. रात्रीं पोरास मळमळ सुटली, चेहरा लाल झाला, छाती धडधडूं लागली. "काका, ही गोळी आतां नको," असें तो म्हणाला. "अहो, डॉक्टरांनीं दहा दिवस सांगितले आहेत," असें सौभाग्यवतीनें सुचवून पाहिलें. आम्हीं सारा दोष गोळ्यांवर ठेविला, उरलेल्या गोळ्या फडताळांत टाकिल्या, आणि दुसरें औषध तर आणलेंच नाहीं.

पांच महिन्यांनीं त्याला थंडी वाजून ताप येऊं लागला. उजव्या बरगडीखालीं दुखे व कळ खांद्यापर्यंत जाई. जुलाब मुळींच नव्हते, म्हणून आंवेची आठवण कोणासहि झाली नाहीं. सोनोग्राफींत यकृतामध्यें मोसंब्याएवढें गळूं दिसलें. सुईनें पू काढावा लागला. तो चॉकलेटच्या रंगाचा होता. मुलगा वांचला. त्याच्या आईनें आम्हांस एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं, आणि तेंच सोसणें कठीण गेलें.

त्या दिवसांत रुग्णालयाच्या बांकावर बसून डॉक्टरांकडून जें समजून घेतलें, तें असें. आंवेच्या या जंतूचें नांव एंटामीबा हिस्टॉलिटिका. हिस्टॉलिटिका म्हणजे शरीराच्या ऊति विरघळविणारा. ग्रीक भाषेवरून बनविलेलें हें नांव यथार्थ आहे. हा जंतु दोन वेषांत वावरतो. एक हिंडताफिरता, जो आतड्याची भिंत पोखरून रक्तावाटे यकृतांत जातो. दुसरा कवच पांघरलेला कोश, जो शौचावाटे बाहेर पडून पाणी, कच्ची भाजी व न धुतलेले हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या पोटांत शिरतो. मेट्रोनिडाझोल रक्तांत चांगलें शोषलें जातें, म्हणून भिंतींतल्या व यकृतांतल्या जंतूंवर तें रामबाण ठरतें. परंतु त्याच कारणानें आतड्याच्या पोकळींत तें पुरेसें उरत नाहीं, आणि तेथील कोश शिल्लक राहतात. त्यांच्यासाठीं डायलोक्सनाइड किंवा पॅरोमोमायसीन हें पोकळींत काम करणारें दुसरें औषध मागाहून द्यावें लागतें. जी चिठ्ठी आम्हीं बाजूस सारली, तिच्यावर डायलोक्सनाइडच होतें.

मळमळीविषयीं विचारलें तेव्हां डॉक्टर हंसले. मेट्रोनिडाझोल चालू असतां मद्य वर्ज्य सांगतात. आणि आसवें व अरिष्टें हीं आंबवून केलेलीं असल्यामुळें त्यांत मद्यांश आपोआप उत्पन्न होतो. बाटलीवर तसें छापलेलेंहि असतें. तें आम्हीं वाचलें नव्हतें. ज्या घरांत मद्याचा थेंब येत नाहीं अशी आमची समजूत होती, त्या घरांत तो आम्हींच चमच्यानें पाजीत होतों!

येथें कुड्याची निंदा करावयाची नाहीं. त्याच्या सालींतील कोनेसीन हें द्रव्य या जंतूस मारक आहे, असें विसाव्या शतकांतील प्रयोगांत दिसून आलें. युरोपांतील औषधहि आरंभीं झाडपाल्याचेंच होतें. ब्राझीलमधील इपिकाकच्या मुळांतून १८१७ सालीं पेलेतिये व माझांदी यांनीं एमेटीन काढलें. ज्या जंतूवर तें चालतें तो मात्र लोश यांस सेंट पीटर्सबर्ग येथें १८७५ सालीं दिसला. औषध आधीं, कारण मागाहून! १९१२ सालीं कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनीं एमेटीन टोचून यकृताच्या गळवांचे रोगी बरे केले. परंतु तें हृदयास अपाय करी, म्हणून रोग्यास अंथरुणावर पडून राहावें लागे. १९६६ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील दरबान येथें मेट्रोनिडाझोलचा गुण सिद्ध झाला, तेव्हां एमेटीनची सद्दी संपली.

मधल्या काळांत क्लायोक्विनॉलच्या गोळ्या आपल्याकडे घरोघर असत. पोट जरा बिघडलें कीं तोंडांत टाकावयाच्या. जपानांत त्याच औषधानें दहा हजारांच्या वर माणसांचे मज्जातंतु बिघडले, कित्येकांचे पाय लुळे पडले, कांहींची दृष्टि गेली. १९७० सालीं तेथें त्याची विक्री बंद करावी लागली. आजहि प्रत्येक जुलाबावर दुकानांतून मेट्रोनिडाझोल आणून घेणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंचे असतात. त्यांवर या गोळीचा कांहींच उपयोग नाहीं, तेथें मीठ-साखरेचें जीवनजल व जस्ताची गोळी हेंच खरें. आंव आहे कीं नाहीं हें शौच तपासल्यावांचून ठरवूं नये, आणि ठरल्यावर दोन्हीं औषधें पुरीं घ्यावीं. पाणी उकळून प्यावें. नळाच्या पाण्यांत असतें तेवढ्या क्लोरीननें हे कोश मरतीलच असें नाहीं.

गळवानंतर पुतण्यास पुन्हां दोन्हीं औषधें मिळालीं. या खेपेस सौभाग्यवतीनें त्या आमच्या हातीं दिल्या नाहींत. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर ती प्रत्येक गोळीमागें एक काट मारी, आणि डायलोक्सनाइडची शेवटची काट मारून झाल्यावर तें पान तिनें आमच्या टेबलावर आणून ठेविलें.