ट्रामला ‘क्यूट’ म्हणू नका

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे हाँगकाँगला होतो. ऑफिस सेंट्रलमध्ये, खाली डे वू रोड. काचेच्या टॉवर्समधून वाट काढत दुमजली ट्राम जायच्या. त्यांचा व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पहिला रिप्लाय : ‘किती क्यूट यार!’

मला या शब्दाची भीती वाटते.

ही ट्राम १९०४ पासून माणसं वाहते आहे. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे. अंतर कितीही असो, भाडं एकच, तेही मेट्रोपेक्षा कमी. बँकांच्या दारात भाजीची पिशवी सांभाळत एखादी आजी उतरते, त्याच ट्राममध्ये सूटवाला चढतो. आजीला हेरिटेजचं काही पडलेलं नसतं, तिला घरी पोचायचं असतं. २०१५मध्ये ‘सेंट्रल ते अ‍ॅडमिरल्टी ट्राम बंद करा, कोंडी होते’ असा प्रस्ताव तिथल्या नगररचना मंडळापुढे आला. मंडळाने तो फेटाळला.

आता कोलकाता बघा. तिथे पहिली ट्राम १८७३मध्ये धावली. २०२४मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केलं, की मैदान ते एस्प्लनेड एवढा मार्ग हेरिटेज म्हणून ठेवू, बाकीचे बंद. म्हणजे बीबीडी बागेतल्या ऑफिसांपर्यंत बाबू लोकांना नेणारी गाडी आता हौशी लोकांना हिरवळीच्या कडेने फिरवणार. आपण जिला क्यूट म्हणतो, तिचं पुढे हे असं होतं.

आणि आपण मुंबईकर? ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सोडली आणि विषय संपवला. पुढे फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत जमिनीखालून रूळ निघाले, तेव्हा फोटो काढायला मात्र आपण धावलो.

‘ट्राम हळू चालते, रस्ता अडवते,’ हे मला मान्य नाही असं नाही. ती हळूच चालते. पण तिच्यापुढे रस्ता अडवून उभ्या असलेल्या गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्याला कोणी हटवत नाही.

माझ्या कामात जुन्या, चालू सिस्टिमला ‘लेगसी’ म्हणून नाक मुरडतात. ती बंद करण्याआधी एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो : रोज ती कोण वापरतं? ट्रामबद्दल आपण तो विचारलाच नाही. पुढच्या वेळी ट्राम दिसली तर रील जरूर काढा. पण आधी तिच्यात चढा, आणि ती तुम्हाला कामावर पोचवते का, ते बघा.