शंकू कोणी उचलायचे?

गेल्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका मैदानावर हौशी चालकांची ऑटोक्रॉस स्पर्धा होती. 'पंधरा मुली स्वयंसेवक म्हणून द्या,' असा आयोजकांचा निरोप आमच्या संस्थेकडे आला. वस्तीतल्या आणि कॉलेजातल्या मुली हौसेने गेल्या. मीही सोबत होते. मोबदला काय, तर टोपी, वडापाव आणि प्रमाणपत्र.

ऑटोक्रॉस म्हणजे शंकू मांडून आखलेल्या वळणांच्या वाटेवरून एकेका गाडीने कमीत कमी वेळात पार जायचे. शंकू पडला की दंडाचे सेकंद. पडलेला शंकू पाहणे, कळवणे, पुढची गाडी यायच्या आत धावत जाऊन तो खुणेवर ठेवणे, वाटेत गाडी अडकली तर लाल झेंडा दाखवून मागच्याला थांबवणे, ही सारी कामे मार्गावर उभ्या असलेल्या माणसांची. खेळातला न्याय आणि सुरक्षितता, दोन्ही त्यांच्याच हाती.

आमच्या मुलींना प्रशिक्षण मिळाले पाच मिनिटांचे. येणाऱ्या गाडीकडे पाठ करू नये, हा या कामाचा पहिला धडा. तोही कोणी सांगितला नाही. तिसऱ्या फेरीत एक गाडी वळणावर घसरली. एकोणीस वर्षांची मुलगी पाठमोरी वाकून शंकू उचलत होती. मैत्रिणीने हात धरून ओढले म्हणून वाचली. स्वच्छतागृह नव्हते, म्हणून मुली दिवसभर पाणीही प्यायल्या नाहीत. मी जाब विचारला, तर उत्तर मिळाले, 'ताई, मुलींमुळे मैदानाला शोभा आली!'

अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेल्या 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका'च्या स्थानिक ऑटोक्रॉसमध्ये साधारण प्रघात असा की, एका पाळीत गाडी चालवायची आणि दुसऱ्या पाळीत मार्गावर काम करायचे. महागड्या गाडीचा मालकही उन्हात शंकू उचलतो. तिथे समता नांदते असा माझा दावा नाही. पण जो खेळेल तो राबेल, हा नियम न्यायाचा आहे. आपल्याकडे मात्र चालवणारे ते आणि उचलणाऱ्या आपण. घरातलीच वाटणी मैदानावर आली आणि तिला 'सेवा' असे गोड नाव मिळाले.

काही मैत्रिणी म्हणतील, पेट्रोल जाळणाऱ्यांच्या खेळाशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे, कारण तिथे आपल्या मुली उभ्या आहेत. फुकटचे श्रम कुठेही घेतले जात असोत, प्रश्न आपलाच आहे.

म्हणून यापुढे अटी लेखी हव्यात. आधी पुरेसे प्रशिक्षण, प्रत्येक ठिकाणी झेंडा आणि किमान दोघी, सावली, पाणी, स्वच्छतागृह, विमा, प्रवासखर्च. चालकांनीही पाळीपाळीने शंकू उचलावेत आणि इच्छुक मुलींना चाकामागे बसून शिकायची संधी मिळावी. हे मान्य नसेल तर एकही मुलगी पाठवू नये.

चूक माझीही आहे. अटी न विचारता मीच होकार दिला होता. आपल्या शिबिरांतही तरुण कार्यकर्तींना न विचारता सतरंज्या उचलायला लावतोच ना आपण?

परतताना तीच मुलगी म्हणाली, "ताई, एकदा तरी चालवून बघायला दिली असती का हो गाडी?" तिच्यासाठी हे विचारायचे मला दिवसभरात सुचलेही नव्हते.