पार्किन्सन्समध्ये आवाज खोल जातो. उपचार दिवेआगरपर्यंत कसे पोहोचतील?

कंपवात अर्थात पार्किन्सन्स म्हटले की थरथरणारा हात आठवतो. मात्र बहुतेक रुग्णांचा आवाजही हळूहळू खोल जातो, हे घरच्यांच्या उशिरा लक्षात येते. मुले मुंबई-पुण्यात आणि आईवडील वाडीत, अशी दिवेआगरची अनेक घरे फोनवरच जोडलेली असतात. तिथे आवाज गेला की माणूस एकटा पडतो.

नेमके काय होते?
मेंदूतील डोपामिन कमी झाल्याने हालचाली लहान होतात. पावले आखूड पडतात, अक्षर बारीक होते, तसाच बोलण्यातला जोरही ओसरतो. आवाज एकसुरी होतो, शब्द अस्पष्ट येतात. रुग्णाला मात्र आपण नेहमीसारखेच बोलतोय असे वाटते. त्यामुळे ‘बाबा, मोठ्याने बोला’ म्हटल्याचा परिणाम दोन वाक्यांपुरताच टिकतो.

गोळ्यांनी सुधारते का?
लेव्होडोपाने हालचाल जितकी सुधारते, तितके बोलणे सहसा सुधारत नाही. त्यासाठी आवाजाचा व्यायाम लागतो.

उपचार कोणता?
‘एलएसव्हीटी लाऊड’ ही पद्धत अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झाली. आठवड्यातून ४ दिवस, रोज तासभर, असे ४ आठवडे. एकूण १६ सत्रे. ‘मोठ्याने’ हे एकच लक्ष्य ठेवून दीर्घ ‘आ’ आणि रोजची वाक्ये घोटून घेतली जातात. घरी सराव चालूच ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत तिथल्या नेहमीच्या वाचा-उपचारांपेक्षा सरस ठरली.

अडते कुठे?
वाचा-उपचारतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत आहेत. असे तज्ज्ञ घडवणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्यात आहे. पण तोल सांभाळत चालणाऱ्या रुग्णाने महिनाभरात १६ वेळा दिवेआगरहून मुंबई गाठायची, हे अशक्यच.

मार्ग काय?
ही सत्रे व्हिडिओ कॉलवरही घेता येतात. ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा सल्ला मिळतो, त्याच वाटेने सरकारने वाचा-उपचारही द्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. म्हणजे ही मेहेरबानीची मागणी नाही.

तोवर घरी काय कराल?
टीव्ही बंद करून समोरासमोर बोला. रुग्णाचे वाक्य आपण पूर्ण करू नका. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. आवाज पुरता खोल जाण्याची वाट पाहू नका. व्यायाम लवकर सुरू केलेला बरा.