डाव्या पायाचे काम गुंडाळीकडे

सेलूतल्या नागपूर-वर्धा रस्त्यावर कापसाच्या हंगामात ट्रकचालकाचा डावा पाय क्लचवरून उठत नाही. समृद्धी महामार्गावर लागल्यावर त्याला उसंत मिळते. जिनिंगच्या दाराशी रांगेत आला की पुन्हा तेच.

हे काम सोलेनॉइड करू शकतो. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्या पोटात सरकणारा लोखंडी दांडा. वीज आली की गुंडाळी चुंबक होते, दांडा ओढला जातो, झडप उघडते. वीज थांबली की स्प्रिंग त्याला जागेवर आणते. पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ही झडप तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवते. ‘एएमटी’ ट्रकमध्ये तेलाऐवजी बहुधा ब्रेकच्याच टाकीतली दाबलेली हवा वापरतात. वेग आणि अॅक्सिलरेटर पाहून कोणती झडप कधी उघडायची, हे संगणक ठरवतो.

२०२५पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते हवेच होते. गुडघ्याचा विचार मात्र राहून गेला.

मालक कचरतात ते दुरुस्तीला, आणि त्यात तथ्य आहे. झडपेत कचरा अडकला किंवा वायरचा जोड गंजला, तरी ट्रक रस्त्यात उभा राहू शकतो. पण मल्टिमीटरने गुंडाळीचा रोध मोजायला काही मिनिटे लागतात. ते न करता अख्खा गिअरबॉक्स उतरवला, तर भुर्दंड मालकाला. हायवेलगतच्या गॅरेजमधल्या पोरांना हे शिकवायला आयटीआयमध्ये एक जुना गिअरबॉक्स आणि दोन मल्टिमीटर असले तरी पुरे.